मागे जाण्याचा परवाना

मुरियलने लग्न ठरल्याची बातमी दिली तेव्हा एंटविसल कुटुंब संध्याकाळच्या चहाला बसलं होतं. टेबलावर थंड हॅम होतं, बीटरूटचं लोणचं होतं आणि रविवार असल्यामुळे डब्यातली पीचही होती. "जेफ्रीने विचारलं आणि मी हो म्हटलं," मुरियल म्हणाली. "जूनमध्ये लग्न, आणि मग आम्ही कॉव्हेंट्रीला राहायला." तिची आई मेव्हिसबाई यांनी किटली खाली ठेवली आणि रुमाल डोळ्यांना लावला. आता बापाने चार चांगले शब्द बोलावेत एवढीच अपेक्षा होती. विल्फ्रेड एंटविसलांनी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "मग गाडी कोण फिरवणार?"

त्यानंतर कित्येक दिवस मेव्हिसबाई नवऱ्याशी मीठ-मोहरीपलीकडे बोलल्या नाहीत. रॉदरशॉ गावात बातमी पसरली की गिरणीच्या हेडक्लार्कला मुलीपेक्षा गाडी प्यारी. लोक काय, बोलतातच. पण बापाचीही काही बाजू असते, आणि ती कुणीतरी सांगायला हवी.

तर गाडीचं नाव लिनेट. तीन चाकं. पुढे एक, मागे दोन. दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा पलीकडच्या खोऱ्यात हॅरॉप नावाच्या कारखानदाराकडे विमानांसाठी आणलेला पत्रा ढिगाने पडून होता, आणि विमानं तर आता कुणालाच नको होती. त्याने आधी कोंबड्यांची खुराडी करून पाहिली, मग बाळांच्या ढकलगाड्या केल्या, आणि शेवटी या दोन्हींच्या मधलं काहीतरी केलं, त्याला लिनेट म्हणायचं. आत मोटरसायकलचं इंजिन, वर कापडी छप्पर, आणि एका बाकड्यावर तिघं बसतील, अट एवढीच की तिघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. पेट्रोल रेशनवर असताना ती थेंबाथेंबावर चालायची म्हणून लोकांनी तिचं रूप पोटात घातलं. पण तिचा खरा गुण कायद्यात होता. तीन चाकं, हलकं वजन आणि रिव्हर्स नाही, अशा वाहनाला सरकार गाडी समजतच नसे, मोटरसायकल समजे. म्हणजे लायसन्स मोटरसायकलचं चाले आणि करही तेवढाच. हॅरॉपला जो गिअरबॉक्स स्वस्तात मिळाला त्यात नेमका रिव्हर्स होता, तेव्हा त्याने त्या खाचेवर लोखंडी पट्टी बसवली, दोन स्क्रू पिळले, आणि झाली मोटरसायकल! अशी कितीतरी सभ्य कुटुंबं त्या काळी छपराखाली बसून, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन, कायद्याच्या दृष्टीने मोटरसायकलवरून समुद्रावर जात होती.

एंटविसल त्यातलेच. त्यापूर्वी त्यांच्याकडे साइडकारवाली मोटरसायकल होती आणि त्या साइडकारमध्ये मेव्हिसबाई वर्षानुवर्षं भिजल्या होत्या. चारचाकीची परीक्षा एंटविसलांनी कधी दिली नाही, कारण परक्या माणसाच्या शेजारी बसून चुका करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. लिनेट आली आणि त्यांना वाटलं, सुटलो. पण ते राहायचे लॅबर्नम क्लोजमध्ये. ही गल्ली उतरत जाते आणि बोलिंग क्लबच्या भिंतीपाशी संपते. लिनेट आत यायची, भिंतीला नाक लावायची आणि तिथेच अडून बसायची. बाहेर काढायची तर उतरून, शेपूट उचलून, पुढच्या चाकावर अख्खी गाडी गर्रकन फिरवायची. एंटविसल रोज सकाळी हॅट घालून हे करत. मग त्यांना हर्निया झाला. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "मिस्टर एंटविसल, यापुढे चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही."

तेव्हापासून गाडी मुरियल फिरवू लागली. ती इस्पितळात नर्स, धिप्पाड रोगी उचलायची सवय. बापलेक सकाळी एकदमच बाहेर पडत. ती शेपटाखाली हात घाली, ते बाजूला उभे राहून हवेबद्दल दोन शब्द बोलत, ती दोन शब्द बोले, आणि मग ते तिला गाडीतून बसथांब्यापर्यंत सोडत. घरात एंटविसल वर्तमानपत्राच्या मागे असत. मुलीशी त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या गाडीच्या शेपटापाशी. 'गाडी कोण फिरवणार' म्हणाले ते यामुळे. त्यांना जे म्हणायचं होतं त्याला त्यांच्याकडे दुसरे शब्दच नव्हते.

म्हणून एंटविसलांनी ठरवलं की लग्नाच्या आत लिनेटला मागे जायला लावायचंच. इथून दुर्दशा सुरू झाली.

लॅबर्नम क्लोजमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही. जाळीच्या पडद्याआडून बघतात ते तिथे बघण्यात धरत नाहीत. शेजारचे ग्रिमशॉ, बस कंपनीतले निवृत्त इन्स्पेक्टर, कुंपणापाशी आले.

"मिस्टर एंटविसल, मी काही बोलणार नव्हतो," ते म्हणाले. हे वाक्य ऐकलं की समोरच्याने निदान अर्धा तास हाताशी ठेवावा. "पण ती पट्टी काढून टाका की! दोन तर स्क्रू."

"गुन्हा आहे तो, मिस्टर ग्रिमशॉ."

"अहो, बघतंय कोण?"

दोघांनी एकदा गल्लीभरच्या पडद्यांकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच सोडला.

समोरच्या मिस पिलिंग यांची सूचना जास्त शहाणी वाटली. त्या म्हणाल्या, "गाडी गल्लीच्या तोंडाशीच फिरवायची आणि शेपटाकडून आत सोडायची. उतारच आहे, नुसतं बोट लावलं तरी येईल." एंटविसलांनी बोट लावलं. लिनेट आली. फार छान आली, फक्त थांबली नाही. एंटविसल तिच्या मागोमाग हॅट धरून धावले, आणि लिनेट मिस पिलिंगांचं फाटक घेऊन त्यांच्या ल्युपिनच्या फुलांत जाऊन बसली. मिस पिलिंग बाहेर आल्या, फाटकाकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं बाई. फाटक उघडं ठेवायला हवं होतं." त्याने एंटविसलांना जे वाटलं ते शिव्यांनी वाटलं नसतं. ते घरात आले आणि संध्याकाळभर कोट न काढता बसून राहिले.

शेवटी ते लायसन्सच्या कचेरीत गेले. खिडकीमागे सर्दी झालेला एक तरुण होता.

"मला रिव्हर्स वापरायचा आहे," एंटविसल म्हणाले.

"मग ती मोटरसायकल राहणार नाही, गाडी होईल. गाडीचं लायसन्स लागेल."

"ते कसं मिळेल?"

"परीक्षा द्या. परीक्षेत कोपऱ्यावरून गाडी मागे वळवून दाखवावी लागते."

"पण माझ्या गाडीला रिव्हर्स नाही."

"मग तुमच्या गाडीवर परीक्षा देता येणार नाही."

"म्हणून तर मला रिव्हर्स हवाय ना!"

"हो ना. पण त्याला लायसन्स लागेल."

हे असं बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं. मागे रांग वाढत होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही. अखेर तरुणाने नाक शिंकरलं आणि त्याला एक तोड सापडली. पट्टी काढायची तर शिकाऊ म्हणून काढायची. पुढेमागे 'एल'ची लाल पाटी लावायची आणि शेजारी लायसन्सवाला माणूस बसवायचा. एकट्याने कामावर जाताना पट्टी परत लावायची आणि पाटी काढायची.

"म्हणजे पट्टी लावली की मी तीस वर्षांचा मुरलेला चालक, आणि पट्टी काढली की शिकाऊ उमेदवार?"

"अगदी बरोबर!" तरुण खूश होऊन म्हणाला. इतक्या लवकर कुणाला समजत नसावं.

मग रोज संध्याकाळी एंटविसल स्क्रूड्रायव्हर घेऊन आडवे पडायचे आणि पट्टी काढायचे. लायसन्सवाला माणूस म्हणून ग्रिमशॉ आपली जुनी इन्स्पेक्टरची टोपी घालून शेजारी बसायचे. टोपीची गरज नव्हती, पण तिच्याशिवाय त्यांना हुकूम सोडता येत नसे. रिव्हर्समध्ये पडल्याबरोबर लिनेट असा काही गळा काढायची की मिस पिलिंगांचा कुत्रा पलंगाखाली जायचा. इतकी वर्षं तोंड बांधलेलं, तीही काय करणार! एंटविसल मान वळवून मागे बघायचे आणि स्टिअरिंगचं चक्र नेमकं उलटं फिरवायचे.

"डावीकडे, मिस्टर एंटविसल! डावीकडे म्हणजे तुमच्या उजवीकडे! थांबा! माफ करा, पण थांबा!"

दुधाच्या बाटल्या गेल्या, ग्रिमशॉंचाच गुलाब गेला, पोस्टमन सायकलसकट कुंपणात गेला आणि एंटविसलांना 'सॉरी' म्हणाला. गल्लीत येता-जाता लोक विचारायचे, "काय, कसं काय चाललंय मागे जाणं?" मुलं लाल पाटीकडे बोट दाखवायची. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गिरणीत ज्याच्या सहीशिवाय कापसाची गाठ हलत नाही, त्याच्या नाकासमोर शिकाऊ म्हणून पाटी! मेव्हिसबाई म्हणाल्या, "विल्फ्रेड, तू ही गाडी विकून टाक आणि माणसासारखा बसने जा. मी या डबड्याला आजवर हात लावलेला नाही आणि लावणारही नाही." मुरियल मात्र दारात उभी राहून म्हणायची, "जमतंय बाबा. कालच्यापेक्षा बरं जमतंय." त्यावर एंटविसल "हूं" म्हणायचे आणि पुन्हा गिअर टाकायचे.

परीक्षा लग्नाच्या आदल्याच आठवड्यात आली. परीक्षक बिकरस्टाफ उंच होते. लिनेटमध्ये बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले, पण तक्रार नाही. एंटविसल सुरेख चालवत गेले. हात दाखवायचा तिथे हात दाखवला, म्हातारीला रस्ता ओलांडू दिला. मग बिकरस्टाफ म्हणाले, "आता या कोपऱ्यावरून मागे घ्या." कोपऱ्यावर शिजवलेल्या वजडीचं दुकान होतं आणि दुकानासमोर शुक्रवारची रांग. लिनेटने गळा काढला. एंटविसलांनी मान वळवली, चक्र वळवलं, आणि गाडी पदपथावर चढून रांगेच्या रोखाने निघाली.

आता दुसरीकडे माणसं पळाली असती. इथे रांग मोडून पळालं तर नंबर जातो. सगळी रांग, बाया-बापे, पिशव्या, भांडी, जशीच्या तशी एक पाऊल बाजूला सरकली. लिनेट आणखी जवळ आली, रांग आणखी एक पाऊल सरकली. अखेर सगळी रांग भिंतीला चिकटली आणि लिनेट दिव्याच्या खांबाला. सगळ्यात पुढची बाई काचेशी वाकून म्हणाली, "सावकाश हं, घाई नाही आम्हाला."

बिकरस्टाफांनी गुडघे बाहेर काढले. "मिस्टर एंटविसल, तुमचं पुढे जाणं अतिशय सुंदर आहे," ते हळुवारपणे म्हणाले. "इतकं सभ्य पुढे जाणं मी फार थोड्या माणसांत पाहिलंय." नापास करायची ही पद्धत एंटविसलांच्या फार जिव्हारी लागली. त्या संध्याकाळी त्यांनी पट्टी परत बसवली आणि दोन्ही स्क्रू पार गच्च पिळले. संपला विषय.

जेफ्रीचे वडील हॉलरॉइड, लोकरीचे व्यापारी, त्यांच्याकडे हंबर नावाची ऐसपैस चारचाकी होती. त्यांनी निरोप पाठवला की नवरी हंबरमधून चॅपलला येऊ दे, ड्रायव्हरही देतो. मेव्हिसबाईंचा जीव भांड्यात पडला. एंटविसल मान खाली घालून म्हणाले, "जा पोरी. त्यात शोभा आहे."

"मी लिनेटमधूनच जाणार," मुरियल म्हणाली. "तुम्ही चालवायची. मला दुसऱ्या कुणी नेलेलं चालणार नाही."

एंटविसलांना त्या रात्री जेवण गेलं नाही, पण आनंदाने. त्यांनी घरापासून चॅपलपर्यंत पुढेच पुढे जाणारा रस्ता शोधला. चॅपलपुढे मोठं अंगण होतं, तिथे गोल वळसा मारून परत यायचं. मागे जायची गरजच नाही. फक्त शेवटी, दोन भिंतींमधून उतरणारा एकाच गाडीपुरता अरुंद बोळ होता. पण शनिवारी दुपारी त्या बोळात येणार कोण?

आली ती म्हाताऱ्या मिसेस ऑग्डेनची अंत्ययात्रा. तिची प्रार्थना लग्नाच्या बरीच आधी आटपायची होती, पण पाद्रीबुवांना बोलायला चांगली माणसं आयती मिळाली होती. लिनेट पांढऱ्या फिती फडफडवत बोळात निम्मी उतरली, आणि खालून काळी शववाहिका वर आली. तिच्यापुढे उंच टोपी घालून अंत्यविधीवाले क्रॅबट्री पायी चालत होते. ते लिनेटच्या नाकापाशी थांबले आणि त्यांनी टोपी काढली. एंटविसलांनीही काढली. मग क्रॅबट्री खिडकीशी वाकले.

"माफ करा साहेब, आपण जरा मागे घ्याल का?"

"माफ करा, मला मागे जाता येत नाही."

"माफ करा," क्रॅबट्री अधिकच खालच्या आवाजात म्हणाले, "आम्हालाही येत नाही. आत माणूस असताना शववाहिका मागे नेत नाहीत. धंद्याची रीत आहे."

मयताचा मुलगा खाली उतरून आला. "मला फार वाईट वाटतं," तो म्हणाला. "आई जिवंत असती तर तिने नक्की वाट दिली असती."

मागून हॉलरॉइडांची हंबर आली होती ती अलगद मागे सरकत वरच्या रस्त्याला लागली. काय तो रिव्हर्स! एंटविसलांनी आरशात पाहिलं आणि डोळे मिटले. "एंटविसल!" वरून हॉलरॉइड ओरडले. "मुलीला पाठवा इकडे! अजून वेळ गेली नाही!"

"मी फिरवते गाडी," मुरियल झगा सावरत म्हणाली. पण बोळ इतका अरुंद की लिनेट आडवीच होईना. मग क्रॅबट्रींनी मागे वळून नुसती मान हलवली आणि सहा खांदेकरी पुढे आले. सगळे काळ्या कोटात, खाणीतले गडी.

"मी उतरतो," एंटविसल घाईघाईने म्हणाले.

"बसा साहेब," क्रॅबट्री म्हणाले. "आतल्याला उतरवायची आमच्या माणसांना सवय नाही."

सहा जणांनी लिनेट उचलली. त्यांना चाल एकच माहीत होती, ती म्हणजे संथ, पावलाला पाऊल लावून. क्रॅबट्री शेपटाच्या बाजूला गेले आणि टोपी काखेत धरून पुढे चालू लागले. अशा रीतीने लिनेट आयुष्यात पहिल्यांदा कुठेही न आपटता मागे गेली. वरच्या रस्त्यावर बस थांबली. पुरुषांनी टोप्या काढल्या. पोलिसाने सलाम ठोकला. एक बाई दुसरीला म्हणाली, "अगंबाई, तरुण दिसतेय गं."

आत एंटविसल दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरून बसले होते. जन्मभर जपलेली अब्रू सहा जणांच्या हातावर चालली होती, आणि हंबरच्या खिडक्यांतून हॉलरॉइडांची सगळी फौज बघत होती. "पोरी," ते म्हणाले, "तुझा दिवस नासवला मी. हंबरमधून गेली असतीस तर..."

"बाबा, चक्र सोडा," मुरियल म्हणाली. तिने हसू दाबायला डोक्यावरून आलेली नवरीची जाळी तोंडात धरली होती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि हात हातात घेतला. "मी गेल्यावर सकाळी तुमच्याशी कोण बोलणार हो?"

"बोलायचंय काय त्यात," एंटविसल समोर बघत म्हणाले. "हवा कशी आहे ते रेडिओवर सांगतातच." आणि त्यांना रडू आलं. खांदेकऱ्यांना आतल्या रडण्याचं नवल वाटलं असावं, पण त्यांनी पाऊल चुकवलं नाही.

लग्न उशिरा पण नीट लागलं. पाद्रीबुवांनी विचारलं, या मुलीला कोण देतंय? एंटविसल पुढे झाले. तेवढं त्यांना येत होतं. मग सँडविच झाली, भाषणं झाली, हॉलरॉइडांनी भाषणात लिनेटवरून टोमणा मारला आणि सगळे मनमुराद हसले. जेफ्री आणि मुरियल हंबरमधून स्टेशनवर गेले. मुरियलने मागच्या काचेतून हात हलवला, वळणापर्यंत.

एंटविसल आणि मेव्हिसबाई लिनेटमधून घरी आले तेव्हा अजून लख्ख उजेड होता. एंटविसल सवयीने गल्ली उतरले आणि बोलिंग क्लबच्या भिंतीला नाक लावून थांबले. इंजिन बंद केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. गल्लीच्या तोंडाशीच उभी केली असती तर? पण आता काय. ते उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि शेपटाकडे बघत राहिले. सोमवारी कामावर जायचं होतं. गल्लीतले पडदे हलले आणि स्थिर झाले.

मेव्हिसबाई उतरल्या. त्यांनी लग्नाची फुलांची हॅट काढून नवऱ्याच्या हातात दिली. मग हातमोजे काढून दिले.

"कुठे धरायचं?" त्या म्हणाल्या.

"मेव्हिस, तुला नाही जमायचं. राहू दे."

"कुठे धरायचं ते सांग."

"त्या दांडीखाली. आधी गुडघे वाकव."

मेव्हिसबाईंनी गुडघे वाकवले, दात आवळले आणि उचललं. लिनेटचं शेपूट वर आलं, थोडं सरकलं, आणखी थोडं सरकलं, आणि धपकन खाली बसलं. गाडी गल्लीला आडवी झाली होती, ना आत ना बाहेर. मेव्हिसबाई धापा टाकत तिच्यावर टेकल्या. त्यांचे केस सुटले होते आणि नवा निळा पोशाख काखेत उसवला होता.

"तू गप्प का उभा आहेस?" त्या म्हणाल्या. "तिच्याशी बोलायचास ना रोज? मग बोल."

एंटविसल हॅट आणि हातमोजे छातीशी धरून उभे होते. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं.

"आज हवा बरी होती," ते म्हणाले.

"हो," मेव्हिसबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. "उद्या बिघडणार म्हणतात."